पहिल्यांदाच मुलीकडे अमेरिकेला जाताना: सहा महिने मिळतात म्हणून सहा महिने राहायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या मानेवाड्याच्या एक काकू विचारतात: त्या ६१ वर्षांच्या, काका ६६ चे, महावितरणमधून निवृत्त. मुलगी-जावई न्यू जर्सीत एडिसनला, नात दीड वर्षाची. दोघंही अजून विमानात बसलेले नाहीत. काकूंचे गुडघे दुखतात, काकांना बीपी-शुगर आहे. मुलीचा आग्रह आहे की आलात तर सहा महिन्यांसाठीच या. काकांचे धाकटे भाऊ तीस वर्षांपासून शिकागोजवळ राहतात, त्यांनाही भेटायचं आहे. व्हिसा मिळेल का, इंग्रजी येत नाही त्याचं काय, सोबत काय न्यायचं, आणि "तिथे आपलं ओझं तर होणार नाही ना?"

काकू, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावरच ठरतात. नागपुरातून आईवडिलांना मुलांकडे पाठवायचं काम मी बरीच वर्षं करतोय. व्हिसाच मिळाला नाही म्हणून हिरमुसलेले लोक असतात, नाही असं नाही. पण तिसऱ्या महिन्यात तिकडून फोन करून "तारीख अलीकडे घेता येईल का हो? मुलीला मात्र बोलू नका," असं हळू आवाजात विचारणारे त्याहून जास्त. त्यांच्यात भांडण झालेलं नसतं, कोणी वाईट वागलेलं नसतं. मुक्काम लांबलेला असतो, एवढंच.

म्हणून माझं मत आधीच सांगतो. पहिल्या खेपेला दहा ते बारा आठवडे. सहा महिने नको.

हा सहा महिन्यांचा आकडा लोकांच्या डोक्यात का बसलाय ते सांगतो. अमेरिकेचा बी-१/बी-२ पर्यटक व्हिसा आपल्याकडच्या लोकांना बहुधा दहा वर्षांचा, कितीही वेळा जाता येईल असा मिळतो. पण दहा वर्षं ही दारापर्यंत जायची परवानगी झाली. आत किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ नावाच्या ऑनलाइन नोंदीत होते. साधारणपणे तो सहा महिने देतो. म्हणजे सहा महिने ही कमाल मर्यादा. ती गाठलीच पाहिजे असं कोणी सांगितलेलं नाही, पण तिकिटाला एवढे पैसे गेले तर पुरेपूर वसूल करू, हा आपला स्वभाव. (मुक्काम संपायची तारीख आय-९४ वर बघायची, व्हिसावर नाही. ती ओलांडली तर पुढचे सगळे व्हिसा अडचणीत येतात. पोचल्यावर दोन दिवसांत मुलीला ती काढून ठेवायला सांगा.)

आता हिशेब बघा. अमेरिकेत पगारी रजा दिलीच पाहिजे असा केंद्रीय कायदा नाही. कंपनी देईल ती रजा, आणि बऱ्याच जणांना ती वर्षाला दोन-तीन आठवडेच असते. सहा महिन्यांत सोमवार ते शुक्रवार असे दिवस होतात १३०. शनिवार-रविवार मजेत जातात, न्यूयॉर्क होतं, देऊळ होतं, कोणाकडे जेवण होतं. प्रश्न त्या १३० दिवसांचा आहे. सकाळी साडेआठला मुलगी-जावई आपापल्या कामाला लागतात, नात पाळणाघरात जाते, आणि घरात तुम्ही दोघं आणि फ्रिजचा आवाज. मानेवाड्यात दुपारपर्यंत भाजीवाला, पोस्टमन, शेजारच्या वहिनी, कोणी ना कोणी दार वाजवतं. तिथे दार वाजलं तर कुरिअरवाला, आणि तोही खोकं ठेवून निघून गेलेला. दहा आठवड्यांत असे दिवस पन्नास होतात. पन्नास निभतात, बरे निभतात. आणि व्हिसा दहा वर्षांचा असल्यामुळे पुढच्या वर्षी परत जाता येतंच.

औषधांचंही गणित तेच सांगतं. स्वतःपुरती औषधं सोबत न्यायची तर साधारण तीन महिन्यांपर्यंतचा साठा ठीक धरला जातो. आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथला दुकानदार औषध देत नाही, आणि कुरिअरनं मागवणं म्हणजे कटकट.

एप्रिलच्या शेवटी निघा, जुलैच्या सुरुवातीला परत या. नागपूरचा मे चुकेल, तिकडे हवा मोकळी असेल, मुलीला मेच्या शेवटच्या सोमवारची आणि चार जुलैची सुट्टी असेल. तारखा ठरवताना मात्र तिला "किती दिवस येऊ?" असं विचारू नका. कोणती मुलगी आईला "अडीच महिनेच ये" म्हणेल? "तुमच्या दोघांच्या रजा केव्हा आहेत?" असं विचारा. त्या रजा मुक्कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आणि शेवटच्या आठवड्यात येतील असं बघा. पहिल्या आठवड्यात रजा घेऊ देऊ नका. तेव्हा तुम्ही दुपारी चारला पेंगत असाल आणि पहाटे तीनला टक्क जागे.

आता व्हिसा. पारपत्र नसेल तर ते आधी. छत्तीस पानी पारपत्राची नेहमीची फी १५०० रुपये आहे आणि साठी ओलांडलेल्यांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट मिळते. यात एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: नाव. आपल्या बायकांची नावं तीन ठिकाणी तीन तऱ्हेची असतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर नवऱ्याच्या नावासकट, बँकेत आद्याक्षरं. पारपत्रात आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळं नाव एकाच रकान्यात टाकलेलं मी बघतो, आणि मग व्हिसावर, तिकिटावर, सगळीकडे विचित्र प्रकार होतो. आडनाव आडनावाच्याच रकान्यात हवं. तुमचं आणि नवऱ्याचं नाव दुसऱ्या रकान्यात. तिकीटही अक्षर न अक्षर तसंच. व्हिसाच्या अर्जात पूर्वीचं नाव विचारतात, तिथे माहेरचं नाव न लाजता लिहायचं.

अर्ज म्हणजे डीएस-१६०. तो ऑनलाइन आहे, दोघांचा वेगवेगळा. फी सध्या माणशी १८५ डॉलर आहे, पण भरायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर रक्कम बघूनच भरा, कारण तिकडचे नियम अलीकडे भराभर बदलत आहेत. फोटो दोन इंच बाय दोन इंच, चष्मा काढून. मग दोन भेटी: एक बोटांचे ठसे आणि फोटोची, दुसरी वकिलातीत मुलाखतीची. आपल्याला सोयीचं केंद्र मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुल. दोन्ही भेटी लागोपाठच्या दिवशी घ्या आणि पहिल्या भेटीच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. रात्री दुरांतोत बसायचं आणि सकाळी उतरून थेट रांगेत लागायचं, हा साहसीपणा नको, गाडी उशिरा आली तर तारीख गेली. वकिलातीत मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा सोबत कोणी बाहेर थांबणारं असेल तर बरं.

इंग्रजी येत नाही याची काळजी सोडा. मुंबईत मुलाखत मराठीतून देता येते. पोपटपंची केलेल्या इंग्रजी वाक्यांपेक्षा मराठीतलं सरळ उत्तर केव्हाही चांगलं. मुलाखत दोन-चार मिनिटांची असते, फाइल बहुतेक वेळा उघडतही नाहीत. तिथल्या कायद्याचं कलम २१४ बी असं सांगतं की अर्जदार अमेरिकेत कायमचा राहायला चाललाय असंच अधिकाऱ्यानं धरून चालायचं, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे त्याला तुमच्याकडून एकच गोष्ट समजून घ्यायची असते: हे दोघं परत का येतील? तुमच्याकडे उत्तर आहे. काकांचं पेन्शन इथे, घर इथे, बाकीचे नातेवाईक इथे. ते तुमच्या शब्दांत सांगा. काका, तुम्हाला वेगळं सांगतो: विचारतील तेवढंच बोला. महावितरणमध्ये कोणत्या साली कोणत्या उपविभागात होतो, हे त्याला नको असतं.

"नातीला सांभाळायला चाललो" असं सांगावं का, हे हटकून विचारलं जातं. कुठेही खोटं बोलायचं नाही, हा पहिला नियम. पण आधी मुलीशी बोलून खरं काय ते ठरवा. नातीला भेटायला, तिच्याशी खेळायला जाणं ही भेट झाली. पाळणाघर बंद करून तिची रोजची जबाबदारी सहा महिने आजीवर टाकणं ही मदत न राहता काम होतं, आणि पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. तुमच्या गुडघ्यांनाही ते झेपायचं नाही. दीड वर्षाचं पोर जिन्यावरून किती वेगानं जातं ते फोनच्या पडद्यावर कळत नाही. मुलीला स्वच्छ सांगा, पाळणाघर चालू राहू दे.

व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. तिकीट एकाच नंबरावर, नागपूर ते तिकडचं शेवटचं शहर असं सलग काढा. यामागे साधं कारण आहे. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात, देशांतर्गत तिकिटावर १५ किलो. नागपूर-मुंबई वेगळं काढलंत तर सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावरच, जादा वजनाचे पैसे भरायला लागतात, शिवाय मुंबईत सामान उचला, टर्मिनल बदला, पुन्हा रांगेत लागा. आणि पहिलं विमान चुकलं तर दुसरी कंपनी हात वर करते. नागपूरहून दोह्याला जाणारं विमान त्या महिन्यात चालू असेल आणि पुढे न्यूयॉर्कची जोड मिळत असेल, तर पहिल्या प्रवासाला ते मला सोयीचं वाटतं, कारण मुंबई-दिल्लीची उलाढाल टळते. मधला थांबा तीन तासांहून कमी नको.

गुडघ्यांसाठी काकू तुम्ही व्हीलचेअर मागून ठेवा, निघायच्या निदान ४८ तास आधी. पैसे लागत नाहीत. मोठ्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत अर्धा-पाऊण तास चालावं लागतं. काकांना चालता येतं ना? मग ते तुमच्यासोबत चालतील, दोघांनी खुर्च्या अडवायचं कारण नाही. विमानात दर दोन तासांनी उठून फेरी मारायची, पाणी पीत राहायचं. पायांना सूज येते, सैल चप्पल-बूट घाला.

उतरल्यावर अधिकारी बोटांचे ठसे घेतो आणि दोन-तीन गोष्टी विचारतो: कोणाकडे, किती दिवस. मुलीचा पत्ता, फोन आणि परतीच्या तिकिटाची छापील प्रत हातपर्समध्ये ठेवा. तिथे मोबाइल चालेलच असं नाही, कागद मात्र चालतो.

सामान. आता जरा सावकाश, कारण नागपूरच्या बॅगा मी बघितल्या आहेत. कुरड्या, मुगवड्या, सांडगे, शेवया, जवसाची चटणी, मेतकूट, भिवापुरी मिरचीचं तिखट, दोन प्रकारची लोणची, आणि वर जागा उरली म्हणून संत्री. त्यातली संत्री काढा. ताजी फळं, ताजा कढीपत्ता, बिया, रोपं, मांस, काहीच न्यायचं नाही. कडुनिंबाच्या काड्यांचं नावसुद्धा काढू नका. तांदूळ, अख्खे हरभरे, सोयाबीन आणि करडईसुद्धा आपल्याकडून बॅगेत नेता येत नाहीत. खापरा नावाचा एक धान्यातला किडा आहे, त्याची तिकडे फार धास्ती आहे. आपल्या आवडत्या बासमतीची पिशवी तिथे एडिसनच्या ओक ट्री रोडवर मुलीला हवी तेवढी मिळते. त्या रस्त्यावर गेलात की आपला सीताबर्डीचा बाजार आठवेल, फक्त कोणी अंगावर येऊन "या ताई" करत नाही.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. त्यात तेल भरपूर असतं आणि ते पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. आणि खसखस! आपल्या सावजी मसाल्यात ती असते, अनारशावर असते. अमेरिकेला तिचं वावडं नाही, पण संयुक्त अरब अमिराती, सौदी अशा देशांत खसखस अंमली पदार्थांच्या कायद्यात बसते आणि लोक त्यापायी कोठडीत गेले आहेत. आखातातून विमान बदलणार असाल तर खसखस आणि ती घातलेलं काहीही घेऊ नका. तिथून जाताना औषधांचंही बघा: ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामक गोळी, खोकल्याचं औषध असेल तर डॉक्टरांना पर्याय विचारा. बाकीची औषधं मूळ पट्टीत, औषधाच्या मूळ नावासकट छापलेल्या चिठ्ठीबरोबर, हातातल्या बॅगेत. डब्यात एकत्र ओतलेल्या गोळ्या कोणालाच ओळखता येत नाहीत. तुम्ही ज्याला क्रोसिन म्हणता ते पॅरासिटामॉल तिकडे अ‍ॅसिटअमिनोफेन म्हणून मिळतं, तेव्हा दोन्ही एकत्र घेऊन बसू नका.

लोणचं मोठ्या बॅगेत, हातातल्या नाही. पॉवर बँक याच्या उलट, हातातच. मिक्सर नेऊ नका. तिकडे वीज ११०-१२० व्होल्टची आहे, आपला २३० चा मिक्सर नुसता गुरगुरतो. पोळपाट-लाटणं मात्र न्या, तवा न्या, आणि एक प्लास्टिकचा मग.

विमानतळावर विचारतील, खायचं काही आहे का? "नाही" म्हणायचं नाही. चटणीचा वास कापडी बॅगेतून बाहेर येतोय, बीगल जातीचा कुत्रा रांगेतून हुंगत चाललाय आणि आपण मान हलवून नाही म्हणतोय, हे बरं दिसत नाही. "हो आहे, पापड, चटण्या, मसाले, लोणचं" असं सांगून मोकळं व्हा. सांगितल्यावर एखादी वस्तू चालत नसेल तर ते ती काढून घेतात, दंड होत नाही. लपवली आणि सापडली तर पहिल्याच वेळी १००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. दुधाची बर्फी नेत असाल तर तीही सांगा, अधिकारी ठरवेल. (मैत्रीण ऑस्ट्रेलियाला जाणार असेल तर तिला सांगा, तिथे दुधाची मिठाई चालतच नाही.)

विमा घ्याच. तिथल्या सरकारी आरोग्ययोजना पाहुण्यांना लागू नाहीत, आणि इमर्जन्सीत एक रात्र काढली तरी बिल बघून माणूस पुन्हा आजारी पडतो. पॉलिसी घेताना एकच प्रश्न एजंटला लेखी विचारा: काकांचं बीपी-शुगर आधीपासून आहे, त्यातून अचानक काही उद्भवलं तर किती रकमेपर्यंत मिळेल? "सगळं कव्हर आहे" असं तोंडी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जाण्याआधी दात बघून घ्या आणि चष्म्याची दुसरी जोडी करा. हे दोन्ही तिकडे फार महाग आहे.

आता घरातलं. पहिल्या दिवशी नात तुमच्याकडे येणार नाही. रोज फोनवर "आजी" म्हणणारी पोर प्रत्यक्षात आईच्या पायामागे लपेल, तुम्ही उचलायला गेलात तर रडेल. मन कसंनुसं होतं, पण तिच्या दृष्टीनं आजी ही फोनमधली वस्तू आहे, तिला एवढे मोठे हातपाय असतात हे तिला माहीत नसतं. उचलू नका. जमिनीवर बसता येत नसेल तर खालच्या स्टुलावर बसा, वाटीत चार फुटाणे-मुरमुरे घेऊन स्वतःच खेळत राहा, तिच्याकडे बघूही नका. ती येते. कोणाची दुसऱ्या दिवशी येते, कोणाची आठवड्यानं. फुटाणे तिला भरवू मात्र नका, एवढ्या लहान पोराच्या घशात अडकतात, आणि मुलगी ओरडली तर ती बरोबर आहे. तिथल्या डॉक्टरांनी जे काही सांगितलेलं असेल, साखर नको, मीठ कमी, सातला झोप, त्यात "आम्ही नाही का तुला वाढवलं" हे वाक्य आणू नका.

संडास-न्हाणीघराचं नीट विचारून घ्या, लाजू नका. टबाच्या बाहेर पाणी जायला मोरी नसते. आपण सवयीनं जमिनीवर पाणी ओततो, आणि ते खालच्या मजल्याच्या छतातून टपकतं. घरं बरीचशी लाकडाची. म्हणून तो प्लास्टिकचा मग न्यायला सांगितला, टबातच उभं राहून बादलीसारखी आंघोळ होते. फोडणी करताना शेगडीवरचा पंखा आधी चालू करा, मग तेल तापवा. ठसका लागेल एवढा धूर झाला की धुराचा भोंगा वाजतो आणि नात दचकून उठते. भोंग्याचा सेल काढून ठेवायचा नाही, असं काकांना आत्ताच सांगून ठेवा.

जावई भांडी लावतील, कपड्यांच्या घड्या करतील, पोरीचं डायपर बदलतील. तुम्ही धावत जाऊन त्यांच्या हातातून काम काढून घेऊ नका, आणि त्यांच्यासमोर मुलीला "अगं तू कर ना" म्हणू नका. तिथे कामाला बाई येत नाही, दोघांनी वाटून घेतल्याशिवाय घर चालत नाही. तुम्ही तुमचं एक काम ठरवून घ्या, रोजचं. संध्याकाळच्या पोळ्या म्हणा. ते पुरे. पूर्ण स्वयंपाकघर ताब्यात घेतलंत की आठवडाभर सगळे खूश असतात, तिसऱ्या आठवड्यात मुलीला तिचा पास्ता करायची चोरी होते.

काकांसाठी घराबाहेरची एक ठरलेली जागा शोधायला सांगा: ग्रंथालय, बाग, देऊळ, सकाळी फिरणारे आजोबा. एडिसनला तशी माणसं भेटतात, तो भाग आपल्या लोकांनी भरलेला आहे. स्टेशनवरून न्यूयॉर्कची लोकल तासाभरात जाते. दोनदा जावयांसोबत जाऊन आले की काका एकटे जायला लागतील, आणि त्या दिवशी घरातलं सगळ्यांचंच वातावरण हलकं होईल. नायगारा बघायचा असेल तर अमेरिकेच्या बाजूनं. पलीकडच्या बाजूला जायचं तर कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो, तिथे नेऊन मग पुलावरून परत फिरवलेली मंडळी मला माहीत आहेत.

दिरांकडे जायचं ते पाच दिवस, सहा फार झाले, आणि मुक्कामाच्या मधोमध. नेवार्कहून शिकागोला विमानानं अडीच तास लागतात. तिथलं घड्याळ एडिसनच्या एक तास मागे. मुलीच्या घरी तुम्ही आईवडील असता, तिथे पाहुणे, म्हणून तयारी वेगळी लागते. भाऊ तीस वर्षांपूर्वी तिकडे गेले. त्यांच्या मनातलं नागपूर त्या काळचं आहे. त्यांच्या नागपुरात मेट्रो नाही, वर्धा रोडवर पुलावर पूल नाही, घरासमोरचा कडुनिंब आहे. ते आठवणी काढतील तेव्हा "ते आता पाडलं" असं दर वाक्याला म्हणू नका. आधी त्यांचं ऐका. मग काकांनी फोनमध्ये जुनी गल्ली, शाळा, आईवडिलांच्या खोलीचे आत्ताचे फोटो काढून नेलेले असतील तर ते दाखवा. हे नेणं कोणत्याही मिठाईपेक्षा भारी पडतं.

घरातल्या वाटणीचा, शेताचा, आईच्या दागिन्यांचा विषय काही राहिला असेल, तर तो काकांनी निघण्याआधी फोनवर बोलून घ्यावा किंवा या खेपेला बोलूच नये. तीस वर्षांनी भाऊ भेटतो आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सातबारा निघतो, असं व्हायला नको. जाऊबाईंचं एक सांगतो: त्यांची मुलं मराठी समजतात, बोलत नाहीत, आणि तुमच्या पाया पडतील की हात हलवतील याचा नेम नाही. जे करतील ते गोड मानून घ्या. जाऊबाईंना नोकरी असेल तर सोमवारी त्या कामाला जातील. तो दुपारचा चहा तुम्ही करा, त्या आल्यावर हातात द्या. सासरच्या माणसानं त्यांना तिथे आजवर कधी चहा करून दिला असेल?

इथल्या घराचं थोडं. बँकेचे ओटीपी इथल्या सिमवर येतात. ते सिम बंद पडलं तर पेन्शन खात्यालाही हात लावता येत नाही, म्हणून रोमिंग चालू करून, रिचार्ज भरून सोबत न्या. डेबिट कार्डचा परदेशातला वापर बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू करून घ्या, तो आपोआप चालू नसतो. यूपीआयच्या भरवशावर तिकडे राहू नका. रोख डॉलर दोनशे-तीनशे पुरतात. सोनं अंगावर नेहमीचं तेवढंच, जास्त नेणार असाल तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, नाहीतर परत येताना तेच सोनं नवीन आणलंय का म्हणून विचारतात. गॅस बंद, टाकीचा वॉल्व्ह बंद, कूलरमधलं पाणी काढून कोरडा. एक किल्ली अशा माणसाकडे द्या जो आठवड्यातून एकदा खरंच दार उघडेल.

आणि मुलीनं फारच गळ घातली, मुक्काम लांबलाच, तर एवढं लक्षात ठेवा: काकांचा हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा असतो, त्याची मुदत मुक्कामाच्या मध्ये येते का ते निघण्याआधी बघून घ्या. मुक्काम आटोपशीर असला तर तो प्रश्न बहुधा येत नाही. मुलीला सांगायला हे कारण चांगलं आहे, ती यावर वाद घालणार नाही. तिच्याकडून रजांच्या तारखा आल्या की मला कळवा, मग मुंबईच्या तारखा बघू.